शिंगरापुढे हात जोडणारा दादा

मी चौथीच्या वर्गावर शिकवत होते. शाळेचा शिपाई दारात येऊन नुसताच उभा राहिला, तेव्हाच काय ते समजलं. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, स्टुडिओत गिऱ्हाइकाची हनुवटी सरळ करता करता खाली बसला आणि पुन्हा उठलाच नाही... त्याला आता महिना उलटून गेला. माणसं भेटायला येतात, दादानं काढलेल्या आपापल्या लग्नाच्या फोटोंविषयी बोलतात, डोळे पुसतात. मला मात्र एकच गोष्ट डाचत होती. दाऊदभाईंना सांगायचं राहिलं.

ते कळायला दादाचं वेड ठाऊक हवं. रत्नागिरीत पोटापुरती फोटोग्राफी करणारा, जयगडपलीकडे फारसा न गेलेला हा माणूस अमेरिकेतल्या दांडग्या इंजिनांच्या गाड्यांवर जीव टाकून होता. मस्टँग, म्हणजे रानघोडा, अशा नावाची मोटार जगात आहे हे आमच्या आळीला त्याच्यामुळे कळलं. कळून कुणाचं काही भलं झालं नाही ते सोडा. दाऊदभाई हे त्याचे शाळासोबती, कुवेतला एका अरबाकडे ड्रायव्हर. सुट्टीवर येताना माझ्यासाठी साबणाच्या वड्या आणि दादासाठी मोटारींची मासिकं आणायचे. मग स्टुडिओच्या पायरीवर दोघांची जी जुंपायची! दादाच्या मते साठच्या दशकातली पहिली पिढी तीच खरी मस्टँग. लांब नाक, आखूड पाठ. "बघ, उभी असली तरी धावत्येय!" पुढे तेल महागलं आणि गाडी लहान झाली. त्या दुसऱ्या पिढीचं तर नाव काढलं तरी दादाचं डोकं फिरे. "घोडा नव्हे तो, शिंगरू! बापाच्या नावावर जगणारं शिंगरू!" दाऊदभाईंनी कुवेतला गेल्यागेल्या नेमकी तीच चालवली होती. "फोटू बघून बोलू नको रं. बसलायस कदी तिच्यात? वळणावर कशी वळते ठाव हाय तुला? आनि आताची नवी तर तिच्याहून बरी." "नवी? खोका आहे तो, खोका!" मग दिवसभर अबोला. दुसऱ्या दिवशी दाऊदभाईंच्या घरून माशाचं कालवण आलं की मिटला.

यंदा शिमग्याला देवरूखहून निरोप आला. तिथल्या एका वाडीतला गावकरी मुंबईत कुणा शेठच्या गाडीवर ड्रायव्हर होता. तो शेठना पालखी दाखवायला घेऊन आला होता, आणि गाडी म्हणे मस्टँग! दादाला डॉक्टरनी प्रवास नको म्हणून बजावलं होतं. पण ऐकेल तर दादा कसला! शेवटी मीही त्याच्याबरोबर एस.टी.त बसले. पालखी विसावते त्या सहाणेजवळ गर्दी होती. गर्दीच्या मधोमध लाल धुळीनं माखलेली हिरवी गाडी. दादानं लांबूनच पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. पहिल्या पिढीतली नव्हती ती. तेच ते शिंगरू! मला हसू आवरेना.

आमच्याकडे नवं वाहन गावात आलं की देवापुढे गाऱ्हाणं घालतात. गुरवांनी नारळ हातात घेतला. "बा देवा महाराजा, ही जी काय परदेशातली गाडी तुझ्या पायाशी आल्ये, तिला वाटेत, घाटात, वळणात सांभाळ रे महाराजा!" सगळे ओरडले, "होय महाराजा!" नारळ फुटला आणि ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. तो आवाज मी कसा सांगू? कानांना कळायच्या आधी तो पायांखालच्या कातळातून अंगात चढला. दादा पुढे गेला, थरथरत्या बॉनेटवर त्यानं तळहात ठेवला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. मग दोन पावलं मागे सरून, देवळातसुद्धा खिशात हात घालून उभा राहणाऱ्या माझ्या भावानं हात जोडले. कॅमेरा गळ्यात होता, पण त्याला हात लावला नाही. "शालू," तो म्हणाला, "मी जन्मभर फोटोवरून बोलत होतो गं... आणि मीच फोटोवाला!"

परतीच्या वाटेवर मी म्हटलं, कुवेतला पत्र टाक. तर माझ्यावरच डाफरला. "अशी गोष्ट पत्रात लिहितात होय? दाऊद सुट्टीवर आला की त्याच्यासमोर बसून हरणार मी." त्याला ती हार फार हवी होती. दाऊदभाईंच्या सुट्टीकडे तो डोळे लावून बसला... आणि सुट्टीच्या आधीच गेला.

गेल्या आठवड्यात दाऊदभाई आले. स्टुडिओच्या बंद दारापुढे पायरीवर बसून मी त्यांना सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "तुम्ही जिंकलात, दाऊदभाई. तुम्हाला हेच सांगायचं होतं त्याला." त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. मग मान हलवून म्हणाले, "नाय शालूताई. चुकला तो. पयलीच खरी."

"अहो, पण तुम्हीच तर..."

"त्याची बाजू मंग बोलनार कोन? लांब नाक, आखूड पाठ... उभी असली तरी धावते ती!"

मला रडू फुटणार होतं, त्याऐवजी रागच आला. माझ्या भावानं हात जोडले होते त्या गाडीला! "काही सांगू नका," मी म्हटलं, "बॉनेटवर हात ठेवून बघा एकदा, मग बोला." दाऊदभाईंनी तिच्या बुटक्या बांध्याला नावं ठेवली, मी ती वळणावर कशी वळते ते सुनावलं. आमचे आवाज चढले तशी शेजारची माणसं दारात आली. अखेर दाऊदभाईंनी तावातावानं चपला पायात सरकवल्या.

"उद्या येतो," ते म्हणाले, "मंग बघतो तुमच्याकडं."

"या," मी म्हटलं, "मी इथंच आहे."