वर्षश्राद्धाचे पॅनकेक

“मना भाऊले काय आवडे, हाई तू माले शिकाडशी?”

“शिकवणारच! भाऊ तुमचा होता वीस वर्षं. नवरा माझा होता एक्केचाळीस वर्षं. कोणाला जास्त माहीत असणार, तुम्हीच सांगा आक्का!”

“आन् त्याच्या पानावर तू हे मैद्याचं इंग्रजी धिरडं वाढशी?”

“धिरडं नाही, पॅनकेक! नाव तरी नीट घ्या!”

थांबा, थांबा. तुम्हाला एकदम भांडणाच्या मधोमध नेऊन बसवलं. काय करू, माझी ही फजिती मला आठवते तीच मधून. सुरुवातीपासून आठवायला धीर लागतो. तो माझ्याकडे भरपूर आहे असं सुरतेतलं आमचं सगळं पांडेसरा म्हणतं, पण या एका गोष्टीपुरता कमी पडतो. चहा गार करू नका, पीत पीत ऐका.

त्या दिवशी ह्यांचं वर्षश्राद्ध होतं. आमच्या खान्देशात अशा दिवशी आगारी टाकतात, म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावानं निखाऱ्यावर घास ठेवतात. पहिलं वर्ष असलं की पान त्याच्या आवडीचं हवं. आता ह्यांच्या आवडीचं म्हणजे काय, यावरून सकाळी सातपासून माझ्या स्वयंपाकघरात रण पेटलं होतं. एका बाजूला मी. दुसऱ्या बाजूला गोदाआक्का, ह्यांची थोरली बहीण. ही बाई आदल्या दिवशी अमळनेरहून गाडीत मांडीवर मातीचं खापर घेऊन आली होती. का? तर त्यावर पुरणाचे मांडे करायचे! पोटच्या पोरासारखं पदराखाली धरून आणलं होतं.

आणि मी ठरवले होते पॅनकेक.

हसू नका. त्याला कारण होतं. हे हजिऱ्याला एका कंपनीच्या कँटीनमध्ये आचारी होते. तिथे परदेशी साहेबलोक यायचे, त्यांना सकाळी नाश्त्याला पॅनकेक लागायचे. वीस वर्षं ह्यांनी ते केले. एरवी आमचे हे म्हणजे तोंडात मिठाची गुळणी. पण पॅनकेकचा विषय निघाला की बोलायचे! आमची लेक ललिता शाळेत होती तेव्हा रविवारी तिला करून द्यायचे आणि समजावून सांगत बसायचे. पीठ फार घोटायचं नाही. गाठी राहिल्या तर राहू दे. पंधरा मिनिटं झाकून ठेव. आता मला सांगा, माणूस ज्या वस्तूबद्दल इतकं बोलतो, ती त्याला आवडत नसेल का?

मी स्वतः कधी खाल्ला नव्हता. “गोड धिरडं ते, त्यात काय मोठं!” म्हणून नाक उडवून बाजूला व्हायची.

तर ललितानं कपाटातून ह्यांची कँटीनची वही काढली. ती दोन गल्ल्या सोडून राहते, सकाळीच आली होती. वहीत ह्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं. मैदा दहा किलो. दूध पंधरा लिटर. साखर दीड किलो. अंडी, लोणी, मीठ. बेकिंग पावडर तीस चमचे.

“मम्मी, हे दोनशे माणसांचं आहे. यूट्यूबवर बघू या ना?”

“तुझा यूट्यूब तुझ्या बापापेक्षा शहाणा का?”

मी शाळेची पायरी चढलेली नाही बरं का. ललिता पहिलीत गेली तेव्हा तिच्या पाटीवर मी अक्षरं गिरवली. गुजराती वाचायला शिकले ते साड्यांच्या गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून. भागाकार कोणी शिकवला? कोणी नाही! त्यामुळे मला कोणी शिकवायला आलं की माझं डोकं सणकतं. मी म्हटलं, अर्धा किलोचं करायचं, म्हणजे सगळ्याला विसानं भागायचं. मैदा अर्धा किलो. दूध पाऊण लिटर. साखर मूठभर. श्राद्धाच्या पानावर अंडं कसं चालेल, म्हणून अंड्याच्या जागी वाटीभर दही.

आणि बेकिंग पावडर तीस चमचे.

“मम्मी, तेही भाग ना.”

“किलोला भागायचं, लिटरला भागायचं. चमच्याला कोण भागतं? वजन नाही, माप नाही. तीस लिहिलेत, तीस टाकायचे!”

टाकले. शिगोशिग. वर झाकण ठेवलं आणि आक्कांशी राहिलेलं भांडण पुरं करायला वळले.

पाच मिनिटांनी झाकण आपोआप वर आलं.

देवाशपथ सांगते, पीठ पातेल्यातून डोकं काढून बघत होतं! मग कडेवरून उतरलं, ओट्यावरून पसरलं आणि सरळ आक्कांच्या पुरणाच्या परातीकडे निघालं. आक्का खापर उचलून छातीशी धरून मागे सरकल्या.

“ओ माय वं! हाई तं जित्तं शे!”

जिवंत नव्हतं, पण ऐकतही नव्हतं. मी त्यातलाच डावभर घेऊन तव्यावर टाकला. चाखला. निव्वळ पापडखार! जीभ आत ओढली गेली. आक्कांनी पुरणाची परात आणखी लांब सरकवली.

दुसऱ्यांदा पीठ भिजवताना ललितानं मला न विचारता दीडच चमचा टाकला आणि मी बघितलं नाही असं केलं. आमच्या घरात माघार अशीच घेतात.

पुढचं संकट तव्याचं. माझ्या लोखंडी तव्यावर एक्केचाळीस वर्षं मिरच्या भाजल्यात. लोणी पडल्याबरोबर सगळी खोली खोकायला लागली. पहिला पॅनकेक तर असा झाला, की साहेबानं खाल्ला असता तर पहिल्या विमानानं परत गेला असता. मग ललितानं घरून तिचा न चिकटणारा तवा आणला. त्याच्यावर एक जळाला, एक उलटताना दुमडला.

चौथ्याला मला ह्यांचा आवाज आठवला. ललिताला सांगायचे तसा. “वर बुडबुडे येऊ दे. फुटून बारीक भोकं राहिली, की मग उलट. एकदाच उलटायचं. दाबू नको, दम जातो त्याचा.” एवढं सलग ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. तेव्हासुद्धा लेकीशीच बोलत होते. मी दाराच्या आड लसूण सोलत होते.

मी दाबला नाही. फुगला. दोन्हीकडून सारखा बदामी झाला. एक तुकडा तोंडात टाकला. मऊ, कोमट, बेताचा गोड. मी म्हटलं, “बरा लागतो की हो.” आणि मागे वळून बघितलं. सवयीनं. मागे आक्का होत्या.

अकराच्या सुमाराला जयंतीभाई आले. हे कँटीनमध्ये ह्यांच्याबरोबर भाजीच्या कामाला होते, पक्के सुरती, ह्यांचे एकुलते एक दोस्त म्हणा. ललितानं जेवायला बोलावलं होतं. बाहेरच्या गॅलरीत गोवरीचे निखारे तयार होते. ओट्यावर एकीकडे मांडे, एकीकडे पॅनकेकची चळत, आणि मधे कोरं पान. आक्का आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू झालो होतो.

“अरे भाभी, आ शुं? पॅनकेक?”

“हो. ह्यांच्या आवडीचे!” मी आक्कांकडे बघून ठासून म्हटलं. साक्षीदार चालून आला होता ना! “सांगा जयंतीभाई, तुम्हीच सांगा ह्यांना. किती आवडायचे ते.”

जयंतीभाई हसायला लागले. मग माझ्या तोंडाकडे बघून ते हसू अर्ध्यात थांबलं.

“भाभी, साचुं कहुं? त्याला तर वासच सहन नव्हता होत. रोज दोनशे बनवायचा, तोंडाला रुमाल बांधून. वीस वर्षांत एक पण खाल्ला नाही त्याने.”

आक्कांनी टाळी वाजवली! श्राद्धाच्या दिवशी! “पाह्य! म्हनीसन मी मांडा म्हनत व्हती!”

पण मी अशी हरणारी आहे का? “नसतील खात! त्यांना लागायचंच कशाला ते? माझा डबा होता ना! चारला उठून भाकरी, ठेचा, काळ्या मसाल्याची भाजी द्यायचे मी. एक दिवस चुकवलं नाही. संध्याकाळी डबा यायचा तो धुतल्यासारखा!”

जयंतीभाई खाली, आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघायला लागले.

“भाभी... ए डब्बो तो हुं खातो हतो.”

मला गुजराती चांगलं येतं. त्या दिवशी येत नसतं तर बरं झालं असतं.

“तुम्ही? माझा डबा तुम्ही खायचात?”

“रोज. काय ठेचा भाभी तुमचा! शेंगदाण्याचा तो! माझ्या घरी तर भाजीत साखर टाकतात. असा ठेचा आजपर्यंत कुठे नाही खाल्ला!”

बघा हं, माझ्या अब्रूची लक्तरं निघत होती आणि हा माणूस माझ्या ठेच्याची तारीफ करत होता. आणि खोटं कशाला बोलू, मला घडीभर बरंही वाटलं!

“मग ते काय खायचे?”

“फिकी खिचडी. वर दही. कँटीनला मी करून द्यायचो. त्याला तिखट चालतच नव्हतं भाभी. पोटात जळायचं.”

खिचडी! आयुष्यभर मी जिला आजाऱ्याचं अन्न म्हणून घरात शिजू दिलं नाही, ती खिचडी! रात्री जेवण झालं की हे पेलाभर गार दूध प्यायचे. मी शेजारणींना कौतुकानं सांगायची, आमच्यांना दूध फार आवडतं म्हणून.

“पण मला सांगायला काय झालं होतं?”

“मी बोललो त्याला. तो म्हणाला, ती चारला उठते. आणि म्हणाला, एकदा सांगितलं होतं. लग्न झालं त्या वर्षी.”

तेव्हा मला आठवलं. उधन्याची भाड्याची खोली. नवीन संसार. हे ताटावर बसले होते आणि हळूच म्हणाले होते, “जरा तिखट झालंय.” एवढंच. मी म्हटलं, आईच्या हातचं पाहिजे तर आईकडे जाऊन जेवा. आणि आठ दिवस बोलले नाही. नवव्या दिवशी मी विसरूनही गेले. ते विसरले नव्हते.

“आन् मना मांडा?” मागून आक्कांचा आवाज आला. “दर सालले आखाजीना सणले धाडत व्हती मी. त्या तरी खाये ना मना भाऊ?”

जयंतीभाई पुन्हा अंगठ्यांकडे.

“ते पण मीच, बेन. पण एकट्यानं नाही हां! वाटून!”

म्हणजे बघा, ते वर्षश्राद्ध जयंतीभाईंचं असतं, तर आमचं पान अगदी बिनचूक होतं! ठेचा, मांडे, सगळं! माणूस मात्र समोर उभा, धडधाकट, आणि बिचाऱ्याला कुठे तोंड लपवू असं झालेलं.

आक्का मटकन खाली बसल्या. मला वाटलं रडतील. रडल्या नाहीत, माझ्यावर आल्या.

“तुन्हामुये! गावले व्हता तवय तीन-तीन मांडा खाये मना भाऊ! बोले, हासे, गाना म्हने! आठे उना आन् मुका व्हयना! तुन्हामुये!”

माझ्यामुळे मुका झाला म्हणे.

“आत्या, पुरे ना,” ललिता मधे पडली. “पप्पांना शांतच राहायला आवडायचं.”

“कोन म्हनस? त्यानी सांगं व्हतं तुले?”

ललितानं ओट्यावरचं कोरं पान उचललं.

माझ्याजवळ मात्र उत्तरं होती! एकाला चार होती. एक्केचाळीस वर्षं कोणी राबलं? आजारपणात कोण उशाशी बसलं? तुम्ही तर वर्षातून एकदा मांडे पाठवून मोकळ्या! सगळं जिभेवर येऊन उभं होतं. माझ्या जिभेला तुम्ही ओळखता.

बाहेर निखाऱ्यांवर राख चढत होती. ललिता कोरं पान हातात घेऊन उभी होती, एकदा मांड्यांकडे बघत होती, एकदा पॅनकेककडे. जयंतीभाई हळूच म्हणाले, तांदूळ-डाळ द्या, मी खिचडी टाकतो. आक्का म्हणाल्या, श्राद्धाला खिचडी टाकतात का कुठे, बारा वाजत आले. मग माझ्याकडे वळून पदर खोचून म्हणाल्या, “बोल ना आते, सुमन! एरवी तं लई तोंड चालस तुन्हं! काय वाढानं त्याले?”

मी म्हटलं, “वाढा आक्का, काहीही वाढा, माझ्यासमोर ते आजसुद्धा काही बोलायचे नाहीत.”