कुऱ्हाडीचं तांबं

तांबं वितळवायला माझी ना नाही. वितळवण्याजोगं तांबं जगात भरपूर पडलंय. पण सोनईजवळ आमच्या काकांच्या रानात निघालेली ती एक कुऱ्हाड वितळवली, याचा संताप अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

जुन्या धातूंची तपासणी हे माझं काम. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी वापरलेलं तांबं कोणत्या खाणीतून आलं, याचा मी माग काढते. तांब्यात शिशाचा किंचित अंश असतो आणि तो खाणीगणिक वेगळा निघतो. तपासायला वस्तूची चिमूटभर भुकटी पुरते. आजवर सगळ्या परक्या गावांच्या वस्तू तपासल्या, माझ्या माहेरच्या मातीतलं काही हाती लागलं नव्हतं. म्हणून जेसीबीनं रान सपाट करताना निघालेल्या चपट्या, हिरव्या पडलेल्या कुऱ्हाडीचा फोटो काकांनी पाठवला, तेव्हा मी प्रयोगशाळेतच ओरडले.

लगेच फोन करून बजावलं, "काका, घासू नका, चिंच लावू नका, विकू तर मुळीच नका. सरकारी माणसाला कळवा. मी परवानगी काढून येते."

काकांनी कळवलं. सरकारी माणूस आला, चहा प्यायला, मोबाईलवर फोटो काढून "नीट ठेवा" म्हणाला आणि जो गेला तो गेलाच. इकडे माझा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. कुणाला घाई म्हणून नव्हती. पावसाळा सरला, उसाला तोड आली, तेव्हा कुठे साहेबांची सही झाली.

पिशवीत बारीक ड्रिल घेऊन मी गावी पोचले. काकू मला थेट विहिरीवर घेऊन गेल्या, मागोमाग काकाही आले. तिथे देवीच्या तांदळ्यावर, म्हणजे शेंदूर लावलेल्या बिनघडीव दगडावर, नवाकोरा तांब्याचा मुखवटा झळकत होता.

"कुऱ्हाड कुठाय?" मी विचारलं.

"ही काय," म्हणत काकूंनी मुखवट्याला हात जोडले.

रानात निघालेली वस्तू घरात ठेवायची नाही, ती रानातल्या देवीची, असा आमच्या घरचा रिवाज. त्यात कुऱ्हाड घरात आली आणि विहिरीवरची मोटर जळली. नवी तार भरून आणली, पुन्हा जळली. देवी कोपली असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. माझा चुलतभाऊ नागापूरच्या एमआयडीसीत ओतकाम करतो, त्याच्याकडे कुऱ्हाड गेली. एवढ्याशा तांब्यात मुखवटा होईना, म्हणून त्यानं फुटका हंडा आणि जळलेल्या मोटरीची तारही मुशीत टाकली.

मोटरीची तार! कुठल्या देशातल्या कुठल्या खाणीचं तांबं ते, देव जाणे. चहात ओतलेलं दूध कुणी परत वेगळं काढून दाखवावं. आता जगातली कुठलीही प्रयोगशाळा त्या कुऱ्हाडीचा पत्ता सांगू शकणार नव्हती. मी विहिरीच्या कडेला उभी राहून काकांवर तोंडाला येईल ते ओरडले.

काका म्हणाले, "आमी इकली न्हाई, घासली न्हाई. तू सांगितलेलं समदं पाळलं. वितळवू नका, असं कुटं म्हनली हुतीस?"

वितळवू नका हेही सांगावं लागतं का?

काकूंचाही पारा चढला. "मागं शेजारच्या गावात मडकी निगाली. तुज्यासारकीच शिकलेली मानसं घिऊन गेली. परत कुनाला दावली का? ही तरी रोज डोळ्याम्होरं हाय. आपल्या रानातलं तांबं आपल्याच देवीच्या अंगावर."

मडक्यांचं खरं होतं आणि त्याचाही मला रागच आला. पण मी हटले नाही.

"आपल्या रानात तांबं नसतंच, काकू! सगळा काळा दगड आहे हा. इथं तांब्याची खाण कधीच नव्हती. कुणीतरी लांबून आणलं होतं ते, मुलूखच्या मुलूख ओलांडून."

मुखवट्यावरचं फूल सारखं करता करता काकूंचा हात थांबला. आवाजातली धार गेली. आपल्या रानात कुणीतरी इतक्या लांबून आलं होतं, हे त्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

"व्हय?" त्या माझ्याकडे वळल्या. "लई लांबून? मंजी कुठून गं?"

पिशवी खांद्याला तशीच होती. "तेच तर विचारायला आले होते, काकू," मी म्हणाले आणि मला रडू कोसळलं.