अण्णा कागद समजावून सांगायचे

अण्णा गेल्याचं मला कोर्टाच्या व्हरांड्यात कळलं, आणि मी पहिल्यांदा काय केलं असेल, तर घड्याळ बघितलं. अर्ध्या तासात माझं प्रकरण पुकारणार होते. ते उरकून पंचगंगेवर पोचलो तेव्हा चिता पेटलेली होती. वकिलांच्या शोकसभेत मग मी त्यांच्यावर चांगला दहा मिनिटं बोललो. जे बोलायला हवं होतं, तेवढं सोडून सगळं बोललो.

अण्णा माझे कारकून. खरं तर माझ्या सीनियरांचे. सीनियर वारल्यावर ते पुस्तकांच्या कपाटांसकट माझ्याकडे आले. शिक्षण सातवी, पण कोर्टाचा कुठलाही कागद ते माणसाच्या भाषेत उतरवून दाखवायचे. "तहकूब म्हंजे आज काय न्हाय. जेवा आणि घरला जावा." मनाई हुकूम म्हणजे, "त्यानं बी नांगर घालायचा न्हाय, तुम्ही बी न्हाय. निकाल लागंपतूर हाय तसं ऱ्हाऊ दे." एकतर्फी म्हणजे, "तुम्ही गेला न्हाईसा, तर समोरचा बोलंल तेच खरं धरत्यात." आणि एवढ्यावर सोडायचे नाहीत. "आता तुम्ही मला सांगा बघू," म्हणून पक्षकाराकडून वदवून घ्यायचे. माणसं माझ्यासमोर माना डोलवायची आणि बाहेर जाऊन बाकावर अण्णांना विचारायची, "काय म्हणालं ओ वकील?" मला त्याचा राग यायचा. पुण्याहून कायदा शिकून आलेला मी, आणि माझं बोलणं कळायला सातवी पास दुभाष्या लागतो! मी त्यांना दोनतीनदा घालूनपाडून बोललोही. ते नुसते हसायचे.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट असेल. मुरगूडचा एक शेतकरी माझा पक्षकार होता. वडील वारलेले, आणि बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घ्यायचं होतं. बहीण हौसाबाई, तिशीची, भावाशेजारी खुर्चीच्या कडेवर बसलेली. भावानं तिला सांगितलं होतं की शेत त्याच्या नावावर चढवायला बहिणीचा अंगठा लागतो. मी दस्त वाचून दाखवला. एकही शब्द न गाळता, कुठंही न थांबता. 'सदर मिळकतीवरील माझा हक्क, हितसंबंध व अधिकार मी राजीखुशीने कायमचा सोडून देत आहे...' ती ऐकत होती, कीर्तन ऐकावं तशी. तिला काही कळलेलं नाही हे मला स्वच्छ दिसत होतं. दाराशी उभे असलेले अण्णा पुढं आले आणि हळू आवाजात म्हणाले, "साहेब, बाईंना जरा बाकावर नेऊन सांगू?"

मी म्हणालो, "मी वाचलंय. तुमचं काम करा."

अण्णांनी शाईचा पॅड आणून टेबलावर ठेवला. आपण भावाचे वकील, बहिणीला शिकवणं आपलं काम नाही, अशी मी मनाची समजूत घातली. ती खोटी होती. मला तेव्हा अण्णांना त्यांची पायरी दाखवायची होती, बस्स. त्यापायी त्या बाईची वाट्याची जमीन गेली.

चार वर्षांनी नवरा वारला म्हणून ती माहेरी आली, तेव्हा भावानं तो कागद पुढं केला. त्याची नक्कल घेऊन ती माझ्या ऑफिसात आली. मी आत होतो. बाकावर अण्णा तिला एकेक ओळ सांगत होते, ते ऐकू येत होतं. मी बाहेर आलो नाही. महिन्याभरात अण्णांनी काम सोडलं. "डोळ्यांनी दिसत न्हाय आता," म्हणाले. आणि पुढची कितीतरी वर्षं कोर्टाच्या फाटकाजवळ बसून लोकांचे कागद चष्म्याशिवाय वाचून समजावत राहिले.

गेल्या आठवड्यात धीर करून त्यांच्या घरी गेलो. अण्णांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, यांच्याजवळ हौसाबाई बसली होती. मी ओळखलं नाही, तिनंच ओळखलं. अजून मुरगूडलाच असते, लोकांच्या शेतात भांगलायला, तण काढायला जाते. म्हणाली, "अण्णास्नी लई लागलं हुतं ओ. मला म्हणालं, आक्का, मी त्या दिशी तितंच हुतो, मी सांगाय पायजे हुतं, माझं चुकलं. तवापास्नं दर भाऊबीजेला यायचं चोळी घिऊन." मग तिनं माझीही समजूत काढली. "तुमचा काय दोष साहेब, तुम्ही तर सगळा कागद वाचून दावला हुता की."

मी चहा प्यालो. वहिनींना नमस्कार केला आणि निघून आलो. लाज वाटते म्हणणंसुद्धा आता स्वस्त वाटतं. म्हणून हे लिहून काढलं, आणि लिहिता लिहिता जरा हलकं वाटायला लागलं तेव्हा लक्षात आलं, हीसुद्धा पळवाटच. हौसाबाईला वाचता येत नाही. हे छापून आलं तरी मला मुरगूडला जावंच लागणार आहे.