पूजेतला हूक

माझी नात शहराबाहेर, इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात नोकरीला लागली. मोटारींचे भाग बनवतात तिथे. थोड्या दिवसांनी तिने मला विचारलं, "आजोबा, आपली कंपनी खरंच नीतीने चालते का, हे कसं ओळखायचं? भिंतीवर तर सगळं छान लिहिलंय." मी काहीतरी मोघम बोलून वेळ मारून नेली. तरुणपणी मी जॉर्ज टाउनमधल्या एका डाळींच्या पेढीत कारकून होतो. सचोटीबद्दल त्या पेढीचं नाव बाजारात आदराने घेत, आणि घेणाऱ्यांत मीही होतो. तिथली एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही. ती आता लिहून ठेवतो.

पुढे ऑफिस आणि मागे लांब गोदाम, अशी ती पेढी होती. गोदामात भर दुपारीही दिवा लावावा लागे. पोती छपरापर्यंत रचलेली असत, आणि त्यांच्यामधून चालताना आपल्याच पावलांचा आवाज आपल्याला ऐकू येत नसे. मालकांना सगळे तमिळमध्ये मुदलाळी म्हणत. कपाळभर विभूती लावून येत आणि वजनकाट्याला हात जोडल्याशिवाय गादीवर बसत नसत. हेडक्लार्क आमच्यापैकीच, तंजावरकडचे मराठी, आईच्या नात्यातले. मी त्यांना मामा म्हणे. नोकरी त्यांनीच लावून दिली होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, सगळे हमाल पोती ओढायचे आपापले लोखंडी हूक देवीच्या तसबिरीपुढे एका ओळीत ठेवत. टोकं देवीकडे. मुदलाळी प्रत्येक हुकाला स्वतःच्या हाताने चंदन-कुंकू लावत. ज्याचा हूक त्या ओळीत, तो पेढीचा माणूस, असं मानलं जाई. मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हुकाला हात लावायचा नाही आणि कामही करायचं नाही. उंबऱ्यावर कोहळा फोडत, आत भरलेलं कुंकू रस्त्यावर पसरे, आणि चुरमुरे-चणे घेऊन माणसं घरी जात.

त्या वर्षी सगळे गेल्यावर तुरीच्या डाळीची लॉरी दारात येऊन उभी राहिली. ड्रायव्हरला घाई होती, कारण त्यालाही गाडीची पूजा करायची होती आणि भरलेल्या गाडीची पूजा त्याला चालणार नव्हती. समुद्राकडून आभाळ काळं होत आलं होतं. मामा मला म्हणाले, मागच्या गल्लीत आपला एक हमाल राहतो, त्याला घेऊन ये.

मी गेलो. तो नुकताच जेवला होता, अंगावर नवा शर्ट होता. बायको दारात बसून केस विंचरत होती. कुरकुर न करता त्याने शर्ट काढून तिच्याकडे दिला आणि आला. गोदामात आल्यावर मात्र ओळीकडे बघून थांबला. त्याच्या हुकाच्या मुठीला लाल चिंधी गुंडाळलेली होती.

"हूक घेऊ का, सार?" त्याने मला विचारलं. हमाल मला सार, म्हणजे सर, म्हणत.

मी मामांकडे पाहिलं. मामांनी नकारार्थी मान हलवली. पूजेतली वस्तू उद्यापर्यंत हलवत नाहीत, असं मी त्याला सांगितलं.

"मग दातांनी ओढू?" तो हसत म्हणाला, आणि कामाला लागला.

त्याने आणि ड्रायव्हरने मिळून नुसत्या हातांनी सगळी पोती आत घेतली. लॉरी निघून गेली. वरच्या पोत्यांना हाताने पकड मिळत नव्हती, त्यामुळे थप्पी वाकडी रचली गेली होती. ती नीट करायला तो एकटाच आत राहिला. मामा आणि मी पुढे ऑफिसात होतो. मोठा आवाज झाला नाही. कोणीतरी दीर्घ श्वास सोडावा तेवढंच ऐकू आलं, आणि दारातून डाळीची धूळ बाहेर आली.

त्याला थप्पीखालून काढलं तेव्हा तो गेलेला होता. पोलीस इन्स्पेक्टर आला तेव्हा मामांनी त्याला थेट देवीपुढे नेलं. त्याने बूट काढले. आज आमच्याकडे काम नसतं, मामा म्हणाले, हत्यारं पूजेत आहेत, त्याचंसुद्धा आहे, बघा. इन्स्पेक्टर ओळीकडे बराच वेळ बघत राहिला. मग माझ्याकडे वळला.

"काम चालू होतं?"

"हत्यारं पूजेत होती," मी म्हणालो.

मग हा कशासाठी आत आला, असं त्याने विचारलं. मामा हळूच म्हणाले, सणाचा दिवस, दार उघडं, आत डाळ. मेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं. चोरी हा शब्द आमच्यापैकी कोणी उच्चारलाच नाही. संध्याकाळपर्यंत तो गल्लीभर झाला होता. मुदलाळींनी अंत्यसंस्काराचा खर्च केला. चोराचंही भलं केलं, म्हणून पेढीचं नाव आणखी वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हमालांनी आपापले हूक उचलले. लाल चिंधीचा एकटा उरला. त्याचं टोक दाराकडे होतं. उंदराने हलवला असेल, असं मला वाटलं. मी तो फिरवून देवीकडे केला. पुढच्या सकाळी टोक पुन्हा दाराकडे. गोदामाच्या कुलपाची किल्ली मामांकडे असे. मी हमालांना विचारलं, तर ते पोती उचलायला वळले. आणि त्या दिवसापासून मला कोणी सार म्हटलं नाही. मी रोज फिरवत राहिलो. चंदन वाळून पिवळं पडलं, पण गळून पडलं नाही. तो ठिपका मागून माझ्याकडे बघतो आहे असं वाटे, म्हणून त्या बाजूला पाठ करून बसायचं मी सोडलं.

एका दुपारी त्याची बायको आली. उंबऱ्याच्या आत आली नाही. हळू आवाजात, तमिळमध्ये म्हणाली, "तुम्ही माझ्या दारात आला होतात. तुम्ही बोलावलंत म्हणून तो आला. गल्लीत येऊन एवढंच एकदा सांगा. मला दुसरं काही नको."

आत मामा खोकले. मी देवीपुढून हूक आणला आणि तिच्यापुढे धरला. माझ्याकडे द्यायला तेवढंच आहे, असं मला वाटलं असावं.

तिने हात मागे घेतला. "पूजेतली वस्तू आहे ना? हलवू नका."

ती गेली. मी गल्लीत गेलो नाही. पुढची कितीतरी वर्षं मी त्याच पेढीत काढली. मामा वारले, मुदलाळी वारले, आणि नोकरी सोडताना हूक मी पिशवीत घालून घरी आणला. काय आहे असं बायकोने विचारलं, तेव्हा जुनं लोखंड म्हणालो.

परवा नातीला बरोबर घेऊन ती गल्ली शोधली. तिथे आता भांड्यांची दुकानं आहेत. त्याच्या घरचं कोणी आठवणारंही भेटलं नाही. दुकानदार, काय घेणार, एवढंच विचारत राहिला. मी तिथेच उभा राहून तमिळमध्ये मोठ्याने म्हणालो, तो चोरी करायला आला नव्हता, मी त्याच्या दारात जाऊन त्याला कामाला बोलावलं होतं, आणि त्याचा हूक त्याला घेऊ दिला नव्हता. दुकानदाराने नातीकडे पाहिलं. तिने माझा हात धरला.

हूक आमच्या देवघरात आहे. आता मी तो फिरवत नाही. टोक दाराकडेच असतं.