निर्णायक मत

माझ्या आतेभावाइतका लोकशाही मानणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात सापडणार नाही, आणि लोकशाहीपायी इतका उशिरा जेवणाराही नाही. डोंबिवलीच्या त्याच्या घरात भाजी कोणती करायची हे गुप्त मतदानाने ठरतं. मतदार दोनच, तो आणि वहिनी. दोघांनी चिठ्ठ्या लिहायच्या, डब्यात टाकायच्या आणि मग याने त्या गंभीर चेहऱ्याने उघडायच्या. "गवार. कोणी लिहिली ते विचारणार नाही," असं तो म्हणतो. वहिनी कपाळावर हात मारते. "अहो, तुम्ही भेंडी लिहिलीत तर गवार शेजारच्यांनी लिहिली का?" यावर त्याचं उत्तर ठरलेलं आहे : "ते मला माहीत असता कामा नये."

हा सगळा राज्यशास्त्रातल्या एम.ए.चा परिणाम. ती पदवी त्याने परराज्यातल्या एका बड्या खाजगी विद्यापीठातून, बँकेचं भलंमोठं कर्ज काढून घेतली. नोकरी मात्र वागळे इस्टेटमध्ये, पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात. कोणत्या टेम्पोत किती खोकी गेली ते तो बघतो. ड्रायव्हर लोक त्याला 'साहेब' म्हणतात, कारण टेम्पो आधी कोणाचा भरायचा यावर भांडण झालं की हा दोन्ही पक्षांना आपली बाजू मांडायला पाच-पाच मिनिटं देतो. तोवर तिसराच टेम्पो भरून निघून जातो.

पदवी फुकट गेली असं कोणी म्हटलेलं त्याला खपत नाही. त्यासाठी त्याने एक वही ठेवली आहे. डाव्या पानावर बँकेला भरलेले हप्ते, उजव्या पानावर पदवीची कमाई. कमाई म्हणजे काय, तर लोकांना लिहून दिलेले अर्ज. पाणी येत नाही, रेशनकार्डावर सुनेचं नाव चढत नाही, की लोक याच्याकडे येतात. पैसे तो घेत नाही. लोक जे आणून देतात त्याची बाजारभावाने किंमत करून वहीत मांडतो. खाडीकाठच्या एका कोळीणमावशीची बाजारातली बसायची जागा जाणार होती. याने तीन पानी अर्ज लिहिला, जागा राहिली, आणि मावशी टोपलीभर कोळंबी घेऊन दारात. हा शुद्ध शाकाहारी. कोळंबी त्याने तशीच वर्तकनगरला आमच्याकडे पोचवली आणि म्हणाला, "ताई, खा तुम्ही. पण किंमत माझ्या पदवीच्या नावावर लागणार हां!" आम्ही पोटभर खाल्ली. त्या दिवशी उजवं पान डाव्याच्या जरा जवळ आलं म्हणून तो आमच्याहून खूश होता.

गेल्या वर्षी माझ्या लेकीने जाहीर केलं की तिलाही राज्यशास्त्रच शिकायचंय, आणि तेही मामा शिकला तिथेच. फी ऐकून आमच्या ह्यांना घाम फुटला. कर्ज काढावं की नाही यावर घरात दोन आठवडे धुसफूस चालली. शेवटी मी भावाला बोलावलं. त्याने आधी नोटीस पाठवली, मग स्वतःच्या अध्यक्षतेखाली सभा ठेवली. गणपूर्तीला अध्यक्ष सोडून चार माणसं हवीत असं त्यानेच ठरवलेलं, आणि सासूबाई नेमक्या खडवलीला नणंदेकडे गेलेल्या. आम्ही तिघंच. "सभा अर्ध्या तासासाठी तहकूब," अध्यक्ष म्हणाले. "नंतर आहेत तेवढ्यांत घेता येते."

त्या अर्ध्या तासात तो माझ्याबरोबर मटार सोलायला बसला. लेक जवळ येऊन म्हणाली, "मामा, खरं सांग ना. पस्तावतोस?"

त्याने हातातली शेंग सोलून दाणे ताटात टाकले. "विषयाचा नाही गं. तो अजून आवडतो. पण हप्ता सुरू झालेला, म्हणून पहिली मिळाली ती नोकरी धरली. परीक्षा देणार होतो, शिकवणार होतो. म्हटलं, कर्ज फिटलं की बघू. ते फिटेपर्यंत चाळिशी आली." मग घाईघाईने म्हणाला, "हे इतिवृत्तात नको हां."

अर्ध्या तासाने सभा सुरू झाली. कर्ज काढावं, या बाजूने लेकीचा हात वर. विरोधात ह्यांचा. माझ्याकडे सगळ्यांनी पाहिलं, तेव्हा मी म्हणाले, "मी तटस्थ."

"मग बरोबरी झाली. आता अध्यक्षांचं मत निर्णायक." तो चष्मा पुसत राहिला. इतकी वर्षं त्या पदवीची बाजू लढवणारा माणूस. लेकीला खात्री होती की मामा आपलाच. "कर्ज नको," तो म्हणाला. "विषय हाच घे, पण इथे, ठाण्यात. राहील ते मी शिकवीन."

"तूसुद्धा, मामा!" एवढंच बोलून ती आत गेली आणि दार आपटलं. महिनाभर त्याचा फोन घेतला नाही.

आता ती इथल्याच कॉलेजात जाते. दर रविवारी हा डोंबिवलीहून शिकवायला येतो. दोघं इतक्या मोठ्याने वाद घालतात की खालच्या मजल्यावरचे विचारायला येतात. तिचा राग कधीच गेला. पण निघताना, चपला घालता घालता, तो दर वेळी मला हळूच विचारतो, "ताई, तिचं नुकसान तर नाही ना केलं मी? तिथे गेली असती तर कोण जाणे..."

मी "नाही रे" म्हणते. ते खरं की खोटं, मला ठाऊक नाही. मला एवढंच ठाऊक आहे की त्या दिवशी माझंही मत कर्जाच्या विरोधातच होतं. लेकीसमोर वाईट व्हायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून मी हात खाली ठेवला, आणि माझ्या वाटणीचा वाईटपणा त्याने घेतला. हे त्याला सांगायचं मी दर रविवारी ठरवते. तो जिना उतरून जातो, आणि मी दारातच उभी असते.