सादळलं आन् बुरा

त्या दिवशी पडवीत आम्ही चौघी व्हतो. मी, माझी थोरली जाऊ, तिची सून, आन् जिचं लगीन ठरलं व्हतं ती तिची नात.

माझं माहेर कवठं, कोरड्या रानाचं. सासर पाटसला, कालव्याच्या कडंला. भिंतीला लोणा, डाळीला वल. नवी आले तवा मी सगळ्यालाच ‘खराब झालं’ म्हणायची. थोरलीकडं मातुर शब्द किती! पापड मऊ पडला म्हंजी सादळला, त्याला ऊन दाखवायचं. पिठाला वास आला, कुबट. पांढरी लव धरली, बुरा. ते सरळ उकिरड्यावर. सासूबाई म्हणायच्या, “थोरलीला हुंगू द्या.” माझं हुंगलेलं कुणी धरलंच न्हाई. थोरली हसायची, “कवठ्याचे, तुझं नाक नुसतं नथीपुरतंच व्हय गं?”

मालक गेलं, रान गेलं, ते सोसलं. हे सोसवंना.

करोनात थोरलीच्या नाकाचा वास गेला तो गेलाच. तर त्या दिवशी तिनं रुखवतातल्या कुरडयांचा डबा माझ्याम्होरं सरकवला. सुनंला काय कळत नव्हतं.

“तूच हुंग गं. सादळल्यात, का बुरा?”

जल्मात पयल्यांदा इचारलं. मी तळात हात घालून एक काढली, हुंगली. बुराच व्हता. पांढऱ्या कुरडईवर पांढरी लव, दिसायची न्हाई. माझ्या तोंडातनं निघालं, “सादळल्यात नुसत्या, आक्का. ऊन दाखवा.”

दोन दिस तिनं ऊन दाखवलं. लग्नात रुखवत मांडलं. नवऱ्यामुलाच्या आईनं एक कुरडई मोडली, नाकाला लावली.

“आवं विहीणबाई, हिला तर बुरा आलाय!”

बाया फिदीफिदी हसल्या. नातीनं मान खाली घातली. थोरलीनं माझ्याकडं एकडाव बघितलं आन् म्हणली, “माझंच चुकलं. ऊन दावायचं इसरले.”

तिला कळलं व्हतं. पर खोटं का सांगितलंस म्हून मला कवाच इचारलं न्हाई. तिथं बी तीच मोठी ठरली, आन् पोरीचं तोंड बघून वाईट वाटायच्या आधी माझा जळफळाट झाला, की ही एवढी मोठी कशी.

आजून ती डबा घिऊन येती. मी सांगंल ते धरती.

तुमच्या घरात कुणाचं नाक गेलं आसंल, तर त्यांचा डबा तळापातूर हुंगा. आन् जे आसंल त्योच शब्द सांगा.