सुप्रियाचा बांबू आणि माझी मान

आमच्या चिखलीतल्या रो-हाउसच्या गल्लीत भिशीला बसलो की कुणीतरी म्हणतंच, "काकू, तो बांबूचा किस्सा सांगा ना!" मी विचारते, "त्यातला कुठला?" आयुष्यभर दुसऱ्यांचे किस्से सांगत फिरले, आणि एका बांबूपायी माझेच इतके साठले, की लोकांचे सांगायला वेळच मिळेना!

*

शेजारच्या सुप्रियाला कंपाउंडच्या कडेला आडोसा हवा होता. मी म्हटलं, "शोभेचा पिवळा बांबू लाव." नर्सरीत मीच घेऊन गेले. तिथल्या माळीदादांना दहा वेळा बजावलं, "दाट झाला पाहिजे हं! पलीकडच्याला काही म्हणता काही दिसायला नको!" सुप्रिया खाली मान घालून नुसती हसत होती.

संध्याकाळी ह्यांना कौतुकानं सगळं सांगितलं. हे म्हणाले, "अगं, पलीकडे तुझ्याशिवाय राहतंय कोण?"

हसले मी, पण मग लक्षात आलं. लेक सासरी, हे कंपनीत. दिवसभर माझं तोंड सुप्रियाच्या अंगणाकडे. तेच बंद झालं, तर बोलायचं कुणाशी?

*

सुप्रियाच्या सासूबाई लातूरकडच्या. खड्डे बघून म्हणाल्या, "बांबू? तिरडीचं सामान आत्तापासूनच आणायलाव का गं माझ्यासाठी?"

सुप्रिया बिचारी रडवेली झाली. मी मधे पडले, "छे हो मावशी, हा अगदी बारीक असतो. तुमचं वजन नाही पेलायचा!"

दोन दिवस मावशी माझ्याशी बोलल्या नाहीत. सुप्रियापण!

*

पावसाळ्यात एक कोंब भिंतीखालून थेट आमच्या पार्किंगची फरशी उचलून वर आला. आमचे हे चाकणच्या कंपनीत क्वालिटी तपासणीला. रोज सकाळी ड्युटीला जाण्याआधी व्हर्नियर लावून कोंबाची जाडी मोजायचे. आठ दिवस आकडा तोच! "व्हर्नियर बिघडलाय," म्हणत कॅलिब्रेशन करून आणला. तरी तोच!

शेवटी मी माळीदादांना फोन लावला. ते म्हणाले, "ताई, बांबू जमिनीतून निघतानाच पूर्ण जाडीचा निघतो. नंतर फक्त उंच होतो. साहेबांना वर बघायला सांगा!"

हे वर बघायला गेले. कोंब ह्यांच्या डोक्याच्या वर गेला होता!

*

पाडव्याला सुप्रिया म्हणाली, "काकू, गुढीला काठी आमच्यातलीच घ्या." मी कोयता घेऊन हजर. नेमका तोच बांबू निवडला, ज्याच्या आड त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी होती.

"काकू, कडेला त्याहून सरळ आहेत की!"

"मधला शुभ असतो गं!"

गुढी दिमाखात उभी राहिली. पुढच्या पावसाळ्यात त्याच फटीत तीन नवे कोंब आले. तिन्ही जाड!

*

आणि हा मागच्या महिन्यातला. मला सणकून ताप आला. चार दिवस अंथरुणातून उठले नाही. पाचव्या दिवशी सकाळी कशीबशी बाहेर येऊन पायरीवर टेकले, तोच बांबूत खसखस झाली. वाटलं, मांजर असेल.

बघते तर दोन्ही हातांनी बांबू बाजूला सारून सुप्रिया माझ्या अंगणात डोकावतेय! केसांत पानं अडकलेली, चेहरा उतरलेला.

"काकू, बऱ्या आहात ना?" म्हणाली. "चार दिवस झाले, बांबू हललाच नाही हो!"